पायलटच्या विमानातली दुसरी खुर्ची

विमानात खुर्च्या दोन असतील, हे लाकडाची पहिली फळी घरात यायच्या आधीच ठरलं होतं. पुढे जे काही झालं त्यातल्या पुष्कळ गोष्टी पुष्कळ जणांनी अंगावरून झटकून टाकल्या, पण एवढं मात्र कुणी नाकारू शकत नाही, कारण ते ठरलं तेव्हा निम्मी गल्ली पायलटच्या अंगणात उभी होती.

झालं असं, की आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरातले गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झाले. निवृत्त झालेला माणूस कुंड्या आणतो, घड्याळं उघडून बसतो, फारच झालं तर वर्तमानपत्रात पत्रं लिहितो. यांनी विमानाचे नकाशे मागवले. लाकडी विमान, घरच्या घरी बांधायचं, खरंखुरं, आत बसून उडवायचं. त्याच संध्याकाळी गल्लीनं त्यांचं नाव पायलट ठेवून टाकलं. त्यांना चांगलं स्वतःचं नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर शिल्लक आहे. त्यांना विमान चालवता येत होतं, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्याच काळजीत राहाल. तरुणपणी फ्लाइंग क्लबात शिकले होते, परवाना होता, आणि तो त्यांनी मोठ्या निष्ठेनं चालू ठेवला होता.

प्रश्न जागेचा होता. घरामागे एक लांबट शेड होती. तिथं वहिनींचे कपडे वाळत, जुने डबे असत आणि एक मोडकी सायकल असे. वहिनी म्हणजे पायलटची बायको; आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणतो. शेडच्या पुढे थोडं अंगण, आणि अंगण संपलं की ती भिंत. करडी, आमच्या घरांच्या छपरांपेक्षाही उंच, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडे कुणाचं तरी मोठं आवार आहे. त्याचं फाटक पार दुसऱ्या रस्त्यावर, ते कायम बंद, आणि फाटकाशी एक वॉचमन. वहिनींच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी या भिंतीवर उघडते. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून भांडी घासताना, कणीक मळताना, भाजी चिरताना त्यांच्यासमोर तेवढंच. पलीकडून कधी पाणी पडल्यासारखा आवाज येई, कधी पाखरांचा गलका, कधी कुणीतरी खाकरे. बस्स.

पायलटनी शेड मागितली. वहिनींनी ओले कपडे दोरीवर टाकता टाकता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घ्या. पण विमान दोन खुर्च्यांचं करा. मला एकदा वर न्यायचं. या भिंतीपलीकडे काय आहे ते मला बघायचंय."

लोक हसले. वहिनींचा धाकटा भाऊ, म्हणजे पायलटचा मेहुणा, तिथंच होता. तो म्हणाला, एवढंच ना ताई, मी आत्ता सायकलवर जातो, वॉचमनला विचारून येतो. वहिनी नको म्हणाल्या. का नको, ते कुणी विचारलं नाही. पायलटनी छातीवर हात ठेवून शब्द दिला की दुसरी खुर्ची तुझी. नकाशात दोन खुर्च्यांचा प्रकार होताच, एक पुढे आणि एक तिच्या मागे. काम सुरू झालं.

आता लाकडी विमान म्हणजे काय, हे आम्हालाही तेव्हाच कळलं. ते खिळ्यांनी ठोकत नाहीत. पातळ पट्ट्या, पातळ प्लायवूड, आणि सगळा कारभार गोंदाचा. हा गोंद साधा नव्हे. दोन डब्यांतून काढून मोजून कालवायचा, आणि एकदा धरला की लाकूड तुटेल पण सांधा सुटणार नाही. तो नीट कालवला गेला की नाही हे कळण्यासाठी एक रीत आहे. दर वेळी गोंद कालवला की त्यातलाच थोडा घेऊन लाकडाचे दोन तुकडे चिकटवून ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते हातोडीनं फोडायचे. लाकूड फाटलं तर गोंद चांगला. सांधा सुटला तर कालचं सगळं काम काढून टाकायचं. हे फोडायचं काम वहिनींनी आपणहून अंगावर घेतलं. सकाळी चहा टाकला की त्या मागच्या पायरीवर बसत, तुकडा दगडावर धरून एक घाव घालत, आणि आत ओरडून सांगत, "लाकूड फाटलं." आदल्या रात्री नवरा-बायकोत काही वाजलेलं असलं तर तुकड्याचा भुगा होई, हा भाग वेगळा. पण सांधा कधी सुटला नाही, एकदाही नाही. वहिनींना याचा फार अभिमान होता.

आमच्यासारख्या माणसांचा एक स्वभाव असतो. वस्तू घ्यायची ती टिकाऊ. मुलाचा सदरा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. कपाट करायचं ते असं, की हलवायला चार माणसं लागली पाहिजेत. नकाशात लिहिलं होतं, पट्टी इतक्या इतक्या जाडीची घ्या. पायलट ती पट्टी बोटांत धरत, वाकवत, पुन्हा वाकवून बघत. हिच्यावर बसून आकाशात जायचं? माझी बायको मागे बसणार आहे, म्हणत. मग जरा जाड पट्टी घेत. जरा म्हणजे अगदी जराच. बायकोच्या काळजीनं त्यांनी पुढे जे जे केलं त्या सगळ्याची सुरुवात त्या जरामध्ये आहे.

त्यातच पूलवाले येऊन बसू लागले. पूलवाले म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त इंजिनियर. जन्मभर पूल बांधले, त्यामुळे गल्लीत त्यांना हेच नाव. ते रोज खुर्ची टाकून शेडच्या दारात बसत आणि पंखाच्या मुख्य वाशाकडे एखाद्या आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं बघत. मग उसासा टाकत. पूलवाल्यांचा उसासा फार परिणामकारक होता. तो ऐकला की पायलट आपोआप विचारत, का हो, बारीक वाटतो का? पूलवाले म्हणत, मी काय बोलणार, विमानातलं मला कळत नाही, पण आमच्यात एवढ्यावर आम्ही माणूस सोडा, बकरी चालवली नसती. संध्याकाळपर्यंत वाशाला दोन्ही अंगांनी एकेक फळी चढलेली असे. दुसऱ्या दिवशी वहिनी तुकडा फोडून सांगत, लाकूड फाटलं. म्हणजे ती फळीही कायमची बसली.

मेहुण्याचं डोकं वेगळ्या दिशेनं चाले. त्याला व्हार्निशचं वेड. एक हात झाला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. ओल लागली तर विमान कुजेल, म्हणे. वास्तविक विमान शेडमध्ये होतं आणि शेडला छप्पर होतं, पण ब्रश हातात असलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. ते इतकं चकाकायला लागलं, की बायका जाता-येता त्यात तोंड बघून केस सारखे करत.

सरकारी बाजूही काही मागे नव्हती. नगरपालिकेला कुठूनतरी कळलं की शेडमध्ये बांधकाम चालू आहे. एक साहेब फीत घेऊन आले आणि पंखांची लांबी मोजून म्हणाले, हे बांधकाम हद्दीच्या बाहेर जातं. पायलटनी समजावलं, अहो, हे बांधकाम नव्हे, विमान आहे, ते हद्दीच्या बाहेर जाण्यासाठीच असतं. साहेब म्हणाले, मग त्याला जायला परवानगी आहे का? असे दोघे एकमेकांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. शेवटी वहिनींनी चहा आणला आणि पंख पाडण्याची नोटीस टळली.

खरे आले ते विमानखात्याचे इन्स्पेक्टर. काडीसारखा माणूस, स्वतः पट्टीचा वैमानिक, बोलणं मोजकं. खिशातून नाणं काढायचे आणि लाकडावर टकटक करत कान लावून ऐकायचे. टकटक झाली, थांबले, पुन्हा टकटक. मग म्हणाले, आतले सांधे दिसायला हवेत. प्लायवूड आधीच बंद करून टाकलेलं होतं, तेव्हा बघायचं तर भोकं पाडायला हवीत. पायलटनी डोळे मिटून भोकं पाडली. इन्स्पेक्टरांनी बॅटरी घालून आत बघितलं, मान हलवली आणि गेले. मग प्रत्येक भोकाला ठिगळ लावायचं आलं. पूलवाले म्हणाले, ठिगळ नेहमी भोकापेक्षा मोठं असावं. त्यात चूक काहीच नव्हतं. तरी ती ठिगळं इतकी मोठी झाली, की एकेकाची कडा शेजारच्या ठिगळावर चढून बसली.

आणि मग ती इंजिनाची सकाळ. विमान शेडच्या बाहेर काढलेलं, पंख अजून लावायचे होते, पण इंजिन आणि पुढचा पंखा बसला होता. ते फक्त सुरू करून बघायचं. चाकांखाली विटा लावायचं आणि शेपूट दोरीनं खांबाला बांधायचं काम मेहुण्याकडे. त्यानं विटा लावल्या, पण अर्ध्या. अख्ख्या त्यानं फुलांच्या वाफ्याला वापरल्या होत्या. दोरी बांधली, पण कपडे वाळत घालायची. पायलटनी इंजिन सुरू केलं. मोठा आवाज झाला, वाफ्यातली फुलं सगळी आडवी झाली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवत असतानाच विमान विटांवरून उडी मारून निघालं. अंगण ते केवढं. ज्या भिंतीवरून वहिनींना पलीकडे न्यायचं होतं, तिच्यावर विमानानं समोरून जाऊन तोंड आपटलं.

पायलट धावत गेले. नाकाच्या फळ्या मोडल्या होत्या, पुढच्या पंख्याचे दोन तुकडे, धडाला चीर. भिंतीला ओरखडासुद्धा नाही. मेहुणा म्हणाला, दोरी जुनी होती. पायलट आत जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. वहिनींनी दुसऱ्या दिवशी सकाळी मोडकी नाकाडी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "लाकूडच फाटलंय. सांधा एकही सुटला नाही." हे ऐकून पायलटच्या अंगात पुन्हा जीव आला. दुरुस्ती सुरू झाली. दुरुस्ती म्हणजे अर्थातच मोडलं होतं तिथं पुन्हा मोडता कामा नये, म्हणून दुप्पट लाकूड. पूलवाल्यांनी या वेळी उसासा टाकला नाही. ते म्हणाले, आता बरं दिसतंय.

शेवटी तो दिवस उजाडला. पंख वेगळे, धड वेगळं, असं सगळं ट्रॉलीवर घालून गावाबाहेरच्या लहान विमानतळावर नेलं आणि जोडलं. गल्ली सगळी आली होती. वहिनींनी लोकरीची टोपी घातली होती, स्कूटरवाल्याचा गॉगल मागून आणला होता, आणि मागच्या खुर्चीसाठी स्वतः शिवलेली गादी. ती गादी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. कित्येक वर्षं त्यांना इतक्या आनंदात आम्ही पाहिलं नव्हतं. त्या पोरीसारख्या एका जागी उभ्या राहत नव्हत्या.

इन्स्पेक्टर म्हणाले, आधी वजन. धान्याच्या दुकानातून आणलेले काटे चाकांखाली आणि शेपटाखाली सरकवले. इन्स्पेक्टरांनी आकडे बघितले, कागदावर काही लिहिलं, पुन्हा बघितलं, काटे खोटे तर नाहीत ना म्हणून स्वतः एकावर उभे राहिले. मग पायलटना त्यांचं वजन विचारलं. पायलटनी सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाले, जरा काट्यावर या. सगळ्या गल्लीदेखत पायलट काट्यावर चढले, आणि त्यांनी सांगितलेलं वजन त्यांच्या लग्नाच्या वेळचं होतं असं निघालं. आम्ही दुसरीकडे बघितलं. नंतर वहिनी न विचारता काट्यावर उभ्या राहिल्या. काटा जेमतेम हलला.

इन्स्पेक्टर म्हणाले, विमान फार जड झालंय. आता यात फक्त तुमच्याएवढं वजन नेता येईल, जास्त नाही. पूलवाल्यांना हे पटेना. ते म्हणाले, पण मजबूत आहे की नाही? "मजबूत आहे," इन्स्पेक्टर म्हणाले, "पूल असता तर मी आत्ताच्या आत्ता सही केली असती."

पायलटनी विचारलं, काही लाकूड काढून टाकता येईल का. त्यांनी विचारलं इन्स्पेक्टरांना, पण उत्तर वहिनींनी दिलं. हळू आवाजात म्हणाल्या, "ते निघायचं नाही आता. रोज सकाळी मीच फोडून बघत होते ना."

 मग इन्स्पेक्टर, जे कधी जास्त बोलत नसत, ते एक गोष्ट बोलले. वहिनींकडे बघत पायलटना म्हणाले, यांचं आणि माझं मिळून तुमच्या एकट्याइतकं होतं. आधी मी एकटा फिरवून बघतो, मग यांना मागे बसवून एक चक्कर मारून आणतो. खुर्ची राहू द्या.

ही गोष्ट लांबवता आली असती तर मी इथं थोडा थांबलो असतो. पायलट तर पुष्कळ वेळ थांबले. त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला दिसतं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांची वाट बघितली. एवढी वर्षं भुसा खाल्ला, बोटं चिकटवून घेतली, साऱ्या गल्लीचे सल्ले पोटात घातले, काट्यावर उभं राहून अब्रू घालवून घेतली. आणि आता आपलं विमान पहिल्यांदा उडणार ते दुसऱ्या माणसाच्या हातात, आणि आपण खाली उभं राहून टोपी हलवायची? वहिनी गादी पोटाशी धरून त्यांच्याकडे बघत होत्या.

"विमान माझं आहे," पायलट म्हणाले. "पहिला मी जाणार." मग त्यांना काहीतरी वाटलं असावं, कारण ते वहिनींकडे वळून घाईघाईनं म्हणाले, "अगं, मी भिंतीवरूनच जातो. सगळं नीट बघतो आणि अगदी बारीकसारीक सांगतो तुला. तू बघितल्यासारखंच होईल. आणि नंतर मग तुलाही नेऊच की."

वहिनींनी मान डोलावली. मागची खुर्ची काढायची होती, वजनासाठी. पायलट स्क्रू फिरवत होते आणि वहिनी ते तळहातावर घेत होत्या, हरवू नयेत म्हणून. खुर्ची निघाली तेव्हा त्यांनी ती गवतावर ठेवली आणि तिच्यावर गादी ठेवली. "जपून जा," एवढंच म्हणाल्या.

विमान उडालं. हे मात्र कबूल करायला हवं, की फार छान उडालं. धावपट्टीच्या शेवटापर्यंत जीव मुठीत धरायला लावला, पण उडालं. पायलटच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं. वर गेल्यावर त्यांना दिलेला शब्द आठवला आणि ते इमानदारीनं गल्लीकडे वळले. आमची घरं दिसली, शेड दिसली, वहिनींच्या खिडकीची काच चमकताना दिसली. भिंत वरून काहीच नव्हती, एक बारीक रेघ. तिच्या पलीकडचं सगळं त्यांनी बघितलं. एकदा बघून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा वळून बघितलं. पाण्याचा आवाज कशाचा, पाखरं कुठली, खाकरणारा कोण, सगळ्याचा उलगडा झाला. ते बघताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, की मागे कुणीतरी असायला हवं होतं. हे बघ, असं म्हणायला त्यांनी मान वळवलीसुद्धा. मागे खुर्ची नव्हती, नुसती चार भोकं होती.

परत येताना ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. आधी हे सांगायचं, मग ते, मग शेवटी पाण्याचं. त्या वाक्यांच्या नादात धावपट्टी जरा लवकर खाली आली. विमान धाडकन टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं, आणि एका चाकाचा पाय मोडून पंखावर कलंडलं. सगळे धावलो. पूलवाले धावता धावता म्हणत होते की सांधा सुटला नसणार, आणि खरोखरच नव्हता. लाकूड फाटलं होतं, चाकापासून थेट पंखाच्या मुख्य वाशापर्यंत.

वहिनी सर्वांत आधी पोचल्या. त्यांनी पायलटना हाताला धरून बाहेर काढलं, इकडून तिकडून बघितलं, लागलं नाही ना विचारलं. नाही म्हणाले. मग पायलटनी त्यांचा हात धरला. धाप लागलेली होती, तरी चेहरा फुललेला. म्हणाले, "अगं, ऐक, भिंतीपलीकडे ना..."

"नका सांगू," वहिनी म्हणाल्या.

पायलटनी त्यांचा हात सोडला.

"सांगणारे मला पुष्कळ होते," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "वॉचमननं सांगितलं असतं. माझ्या भावानं विचारून आणलं असतं. मला ऐकायचं नव्हतं हो. मला बघायचं होतं." मग त्यांनी पायलटच्या कोटावरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, घरी चला, काही खाल्लं नाहीये सकाळपासून.

पायलटना त्या दिवसापासून एक गोष्ट माहीत आहे आणि ती सांगायची सोय नाही. ज्या माणसानं गोंद कसा कालवावा हे टपालवाल्याला उभं करून सांगितलं, त्याच्यावर ही वेळ यावी. आम्ही विचारून बघितलं, मेहुण्यानं शपथा घातल्या, पूलवाल्यांनी उसासे टाकले. पायलट नाही म्हणजे नाही. पलीकडे काय आहे ते मलाही आता ठाऊक आहे, मी वॉचमनला विचारून आलो, पण वहिनींना ठाऊक नसलेली गोष्ट मी तुम्हाला सांगत बसावं, हे बरं दिसत नाही.

विमान शेडमध्ये परत आलं आहे, नाक भिंतीकडे करून. पायलट दुरुस्ती करतात. हल्ली ते पट्टी नकाशाप्रमाणे घेतात, एक केसभर जाड नाही, आणि पूलवाल्यांची खुर्ची दारातून हलवून गेटापाशी ठेवली आहे. जुन्या ठिगळांवर रंधा मारून मारून काही वजन उतरतंय का बघतात. लाकडाचं उतरत नाही म्हणून स्वतःचं उतरवायच्या मागे लागले आहेत. चहात साखर नाही, पहाटे फिरायला जातात, सदरे सैल झाले आहेत. इन्स्पेक्टर मध्ये एकदा येऊन गेले. फाटलेल्या वाशावर त्यांनी नाणं वाजवलं, बराच वेळ ऐकलं, आणि हे पुन्हा उडेल का, असं पायलटनी विचारलं तेव्हा नाणं खिशात टाकलं. वहिनींच्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं आणि गेले.

सगळ्यांत आधी पायलटनी मागची खुर्ची पुन्हा बसवली होती, चाकाच्याही आधी. ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं. वहिनी सकाळी तुकडे अजून फोडतात, लाकूड फाटलं असं सांगतात. दुपारी शेडमध्ये वारा बरा असतो, म्हणून त्या वाटाणे सोलायला घेऊन विमानात चढतात आणि गादीवर बसतात. पायलट खाली चाकाशी काहीतरी घासत असतात. कधीकधी पलीकडून तो पाण्याचा आवाज येतो. मग वहिनींचे हात थांबतात आणि त्या भिंतीकडे बघतात, आणि खाली पायलट घासायचं थांबवून, तो आवाज संपेपर्यंत, मान वर करत नाहीत.